चंद्रीची मुदत आज संपली

भाऊ गेला त्या सकाळी त्याने टाकलेलं सर्टिफिकेट आज संध्याकाळी संपणार होतं.

प्रल्हाददादा, माझा चुलतभाऊ. आज वर्ष झालं.

केदारखेड्याच्या आमच्या घोंगड्यांची वेबसाइट त्याचीच. तिचं सिक्युरिटी सर्टिफिकेट तो दरवर्षी क्लाउडवर अपलोड करायचा. ते संपलं की गिऱ्हाइकाला लाल अक्षरात दिसतं, ही साइट सुरक्षित नाही.

मग कोण कशाला ऑर्डर देईल? गावात काकूसकट सगळ्या बायांनी लोकर कातून ठेवलेली.

प्रत्येक सर्टिफिकेटला तो कळपातल्या मेंढीचं नाव द्यायचा. कबरी. ढवळी. शेवटचं चंद्री.

मी हसायचे. तो म्हणायचा, "नाव असलं की हरवत न्हाई."

आणि बटण कधी स्वतःच्या मनाने दाबायचा नाही. "दाबू का?" म्हणून ओरडायचा. घरातल्या कोणीतरी "दाब" म्हटलंच पाहिजे.

आज भोकरदनला घोंगड्यांच्या ऑफिसात मी एकटी.

नवं सर्टिफिकेट पेस्ट केलं. त्याच्या जोडीची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, पेस्ट केली. एरर. किल्ली जुळत नाही.

परत केलं. परत तेच. बाहेर ऊन उतरायला लागलं. आजच्याच दिवशी दादाची साइट माझ्या हातून बंद पडणार, एवढंच डोक्यात.

मग दिसलं. मी दादाच्या फोल्डरमधली जुनी की टाकत होते. नव्या सर्टिफिकेटला नवी की लागते, हे मला त्यानेच शिकवलेलं. तरी हात तिकडेच जात होता.

नवी की घेतली. नावाचा रकाना रिकामा होता. दादाच्या आईला, काकूला फोन लावला.

"काकू, चंद्रीच्या पिल्लाचं नाव काय ठिवलं?"

"सोनी. काऊन गं? आजच्या दिवशी बी कामच करून राह्यली का?"

"दादाचंच काम आहे."

रकान्यात सोनी लिहिलं.

"काकू, दाबू का?"



"दाब, माय."

अपलोड झालं. साइटला जोडलं. ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित असल्याचं कुलूप दिसलं तेव्हा मी रडले.

यादीत जुनी चंद्री अजून आहे. मुदत संपलेली. शेजारी डिलीटचं बटण.

मी मोठ्याने विचारलं, "दाबू का, दादा?"

तू काही बोलला नाहीस. म्हणून राहू दिलंय.

भावपूर्ण श्रद्धांजली, दादा. सोनी चालू आहे.