सावरीला चुना-गेरू

माघ सरत आला होता. कर्नाळ्याच्या अंगाने आलेलं धुकं नवीन पनवेलच्या गच्च्यांवर ओल्या धोतरासारखं लोंबत होतं, आणि अविनाशराव केळशीकर कुंड्यांना पाणी घालत होते. पाणी घालणं हे निमित्त. खरं काम पुढचं. इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन जास्वंदीवर दव पाडायचं, आणि नीताबाई देवाची परडी घेऊन वर यायच्या आत फोटो उरकायचा. आज त्या आधीच आल्या.

"अहो, ते लाल तोडू का?"

"थांब जरा. दव पडतंय."

"पडतंय कसलं, तुम्ही पाडताय! गणपतीला काय रोज कॅमेऱ्याचं उष्टं फूल वाहायचं? आणि घरातला पंखा महिनाभर पुसायचा राहिलाय तो?"

वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून फुलांनी आणि जुन्या झाडांनी अविनाशरावांना धरलं होतं. नातीच्या बारशाला कॅमेरा त्यांच्याकडे दिला, तर अल्बमात बाळ एकदाच दिसलं, आणि हॉलमागचं शिरीषाचं झाड पानोपानी. एवढं करूनही पनवेलच्या निसर्गमंडळाच्या प्रदर्शनात, 'जुनी झाडं' विभागात, त्यांचा एकही फोटो आजवर भिंतीवर लागला नव्हता. यंदा लागणार असं ते भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. फोटो आज दुपारपर्यंत पाठवायचा होता.

एवढी खात्री, कारण मागच्या रविवारी त्यांना आपटा गावात काटेसावर सापडली होती. तुळशीराम पाटलांच्या खांबवाल्या नव्या बंगल्यापुढे उभी. तुळशीरामच्या बापाने गावाशी भांडून ती होळीच्या कुऱ्हाडीतून वाचवलेली. बुंध्यावर शेवाळ, जुनाट गाठी, आणि खाली लालभडक फुलांचा असा सडा, की पाय ठेवायला जीव होईना. पण उन्हं डोक्यावर आली होती. "पुढच्या रविवारी सकाळी येतो फोटो काढायला," ते म्हणाले. "या की!" तुळशीराम म्हणाला.

सांगून जायला नको होतं. फोटो काढायला पाहुणा येणार म्हटल्यावर त्या घराने काय करायचं ते केलं.

आज तो रविवार. स्कूटर पाटलांच्या फाटकाशी थांबली आणि अविनाशरावांचा हात ब्रेकवरच राहिला.

"या भाऊ! बघा, कसा टकाटक केलाय झार!" तुळशीराम कडक इस्त्रीत उभा होता.

बुंधा पुरुषभर उंचीपर्यंत चुन्याने पांढराफेक. त्यावर गेरूचा पट्टा. शेवाळ खरवडून काढलेलं. खाली शेणाने सारवलेलं अंगण, रांगोळी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि मधल्या खुर्चीत अंगभर सोनं घालून मालूवहिनी.

"फुलं?" अविनाशरावांचा आवाज चिरकला.

"सगली लोटून कारली," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. "पाहुन्यासमोर काय कचरा ठेवाचा?"

"टाकलीत कुठं?"

"शेल्यांना."

गोठ्यातून एक शेळी समाधानाने ओरडली.

"बरं, हा चुना धुऊन निघेल?"

"नाय ओ! डिंक घातलाय त्यात," तुळशीरामने छाती काढली. "दोन पावसाले हालनार नाय."

अविनाशराव झाडाखाली कॅमेरा रोखून बसले. फुलं वरून पडतच असतात, दहा-पंधरा पडली तरी भागेल. थप्पकन एक पडलं. त्यांनी डोळा लावला, तोवर वहिनींचा झाडू आला.

"वहिनी, राहू द्या ना!"

"नाय नाय, फोटोत दिसंल."

दुसरं पडलं, तेही गेलं. तिसऱ्याला अविनाशराव हात आडवे करून धावले. वहिनी म्हणाल्या, "तुमी कशाला वाकताव भाऊ, मी हाय ना!" आणि त्यांच्या बोटांखालून फूल नेलं. चहा आला, पोहे आले, ऊन वर आलं. शेवटी नवरा-बायको बुंध्यापुढे सत्यनारायणाला बसल्यासारखे ताठ उभे राहिले आणि अविनाशरावांनी निमूट बटण दाबलं. दुपारी तोच फोटो पाठवला. पाठवायला दुसरा होता कुठे?

तिसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला.

"केळशीकर, पहिला नंबर!"

अविनाशराव खुर्चीतून उठलेच. "जुन्या झाडांत?"

"छे हो, झाड कालच लावल्यासारखं दिसतंय. यंदा आपण 'निगा राखलेलं झाड' असा विभाग काढलाय, त्यात. काय ती स्वच्छता! मालकांचा नंबर देता? सत्कार त्यांचा आहे."

"आणि फोटो?"

"लागणार ना, भिंतीवर! खाली नाव पाटलांचं."

त्यांनी नंबर दिला. थोड्याच वेळात तुळशीरामचा फोन आला. "भाऊ, आमी भिंतीवर! तुमी याल ना सत्काराचे फोटो काराला? मालू इचारते, सारी कुठली नेसू?"

"हिरवी," अविनाशराव म्हणाले. "फोटोतल्या लाल पट्ट्यापुढे उठून दिसेल."

नीताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "लागला ना एकदाचा भिंतीवर?"

अविनाशराव उठले. मोरीतून ओलं फडकं आणलं, स्टूल पंख्याखाली ओढलं आणि महिनाभर राहिलेली पाती पुसायला चढले.