पट्टीखालचं नाव

टीव्हीवर संसद चालू असली की ताई भांडी आपटते, असं माझा भाऊ म्हणतो. आपटते! तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय, मग आपटू नको तर काय करू? त्या आठवड्यात चर्चा होती ती द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांना वेगळा कायदा हवा की नको, आणि माणसाला धर्म बदलायची मोकळीक किती असावी, यावर. एक जण तावातावाने सांगत होता की धर्म बदललेला माणूस आपल्या घराला मेल्यातच जमा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण आमची धाकटी बहीण तीनच महिन्यांपूर्वी खरोखर गेली होती, आणि लग्नानंतर ती ख्रिस्ती झाली होती.

त्याच दुपारी तिच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईची नोंद तुमच्या वहीत करायची होती. तिनेच सांगितलं होतं. येऊ का?"

आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. गावोगावचे यजमान गोदेवर विधीला येतात, तेव्हा आम्ही त्यांच्या गावाची वही काढतो. चांदवडचा माणूस आला की चांदवडची. त्यात त्याच्या पणजोबाची सही सापडते, आणि मग घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे तो स्वतःच्या हाताने खाली लिहितो. आमच्या स्वतःच्या घराचीही अशी एक वही आहे, लहानशी, लाल फडक्यात बांधलेली. सगळ्या वह्यांना नियम एकच, की खोडायचं नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवून खाली पुन्हा लिहायचं.

धाकटी ओझरच्या विमान कारखान्यात टायपिस्ट होती. तिथल्याच एका फिटरशी तिने लग्न केलं, तेव्हा भाऊबंद आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले. तिचं नाव वहीतून काढा, म्हणाले. खोडता येत नाही, असं वडील, आमचे अण्णा, म्हणाले. मग त्यातल्याच एका शहाण्याने तोड काढली, की वर कागद चिकटवा. वडिलांनी स्वयंपाकघरातून खळ मागवली आणि सगळ्यांदेखत पट्टी चिकटवली. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. ब्र काढला नाही. त्याची मला आजही लाज वाटते. पुढे लपूनछपून बहिणीला फोन करत राहिले, पण त्या पानाचा विषय मीही कधी काढला नाही, आणि तीस वर्षांत त्या पट्टीला घरात कुणी हात लावला नाही.

"ये," मी भाचीला म्हणाले. "रविवारी सकाळीच ये."

भावाने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता वह्या तोच सांभाळतो. "ताई, दिवस कसले आहेत बघतेस ना? उद्या कायदा आला, कुणी चौकशीला आलं, की या घरातली मुलगी कशी गेली, कुणी नेली, तर? आणि गल्लीत चार लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आपण शेपूट घातली. आता ती पोर आईचं नाव मागायला येतेय, तिलाही दारातून परत पाठवू? मग त्या टीव्हीवाल्यात आणि तुझ्यात फरक काय?"

तो उठून आत गेला. वही मात्र रविवारी त्यानेच काढून ठेवली, तेवढं म्हणायला हवं.

भाची आली. जिवणी अगदी आईची. मी तिला शेजारी बसवलं, फडकं सोडलं, पान काढलं. पट्टी पिवळी पडली होती. नख घालून खरवडावी लागेल, कागद फाटेल, अशा धाकाने मी हलकेच वरची कड उचलायला गेले, तर खालचीच कड सुटी. खळ फक्त वरच्या कडेला होती. पट्टी झाकणासारखी वर उचलली गेली.

खाली धाकटीचं नाव होतं, शाईत. त्याच्याखाली वडिलांच्या अक्षरात, पेन्सिलीने, जावयाचं नाव. आणि त्याखाली, "कन्या झाली. सुखरूप."

भाऊ खुर्चीतून उठलाच. भाची रडत म्हणाली, "आई सांगायची, मी झाले तेव्हा आजोबा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते. आत आले नाहीत."

मलाही रडू आलं, पण आधी आला तो संताप. फाटकापर्यंत! अहो अण्णा, एवढी माया होती तर चार पावलं आत जायला काय झालं होतं? भाऊबंदांपुढे खळ लावलीत आणि त्यांच्या पाठीमागे पेन्सिल चालवलीत. ती बिचारी मरेपर्यंत समजत राहिली की बापाने आपल्याला पुसून टाकलं. कुणाच्या भीतीने? त्या खोलीत बसलेल्यांपैकी आज एकही जिवंत नाही. हे सगळं मी मोठ्याने बोलले, खिडक्या उघड्या असताना, आणि त्या लावून घेतल्या नाहीत.

मग पट्टी धरली आणि टरकन फाडली.

"ताई," भाऊ म्हणाला.

"कुणी चौकशीला आलं तर माझं नाव सांग. संसदेतलं मतदान व्हायचं तेव्हा होईल. या घरातली मुलगी कोण, ते आपल्याला कुणाला विचारायचं नाही."

भाचीने डोळे पुसले आणि वहीच्या खाचेत अडकवलेला पेन्सिलीचा तुकडा उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. भावाने खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"आजोबांच्या ओळीही आधी शाईने गिरव," मी म्हणाले. "मग खाली आईचं लिही."