गोठ्यातलं एक अंडं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या बिदरकडच्या संतपुरात सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. माझ्या नवऱ्याला आजारपणानंतर डॉक्टरांनी रोज अंडं सांगितलं, तेव्हा अक्कांनी नको म्हटलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं चूल मांडून दिली, एक जर्मनचं पातेलं कायमचं तिकडं टाकलं, आणि अंडं उकडून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मला घरात भाकरीला हात लावू दिला नाही. थंडीत दुसऱ्यांदा आंघोळ करताना मी त्यांना मनात काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीला दिवस गेले. लेक युगांडात, जावई तिथल्या साखर कारखान्यात. आधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलं. आमच्यात पहिलं बाळंतपण आईच्याच हातून व्हायचं. लेकीला येता येत नाही, तर आईनं जायचं, असं अक्कांनी ठरवून टाकलं. हैदराबादच्या पलीकडं त्या कधी गेल्या नव्हत्या, पण बाळंतशेपा भाजायला घेतल्या तेव्हाच मी ओळखलं की या आता थांबत नाहीत.

मग जावयांनी फोनवर सांगितलं की पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस घेतल्याशिवाय तिकडं पाय ठेवता येत नाही. हा ताप कसला म्हणून मी मोबाइलवर वाचून दाखवलं. पूर्वी रानातल्या माकडांत आणि डासांत फिरणारा ताप, आता आफ्रिकेत ठिकठिकाणी उठतोय. तिकडं दक्षिण अमेरिकेतही जंगल सोडून, जिथं कधी नव्हता अशा गावांच्या जवळ यायला लागलाय. आपल्या देशात तो अजून आलेला नाही. पण त्याला वाहून नेणारा डास, डेंगूचा तोच, आपल्याकडं भरपूर आहे.

"म्हंजी डास आमच्या रांजणात बसलाय, आन् निस्ता ताप यायचा राहिलाय व्हय?" अक्का म्हणाल्या. उठून त्यांनी अंगणातला रांजण पालथा केला. मी सकाळीच भरलेला.

खरी अडचण पुढं होती. पुढच्या फोनवर जावई चाचरत म्हणाले, "आत्या, ती लस अंड्यात वाढवतात. ज्याला अंडं सोसत नाही त्याला देत नाहीत. डॉक्टर विचारतील."

अक्का नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. त्या रात्री जेवल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. शेपा डब्यात राहणार.

दोन-तीन दिवसांनी गोठ्यातल्या टोपलीत एक अंडं कमी निघालं. मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला.

हैदराबादला सरकारी केंद्रात मीच त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अम्मा, अंडा खाए तो कुछ तकलीफ होती क्या?"

मी घाईनं म्हणाले, "हमारे में अंडा नहीं खाते."

"तो फिर मालूम कैसा पड़ेंगा?"

अक्का खाली बघत होत्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "खाई मैं. परसूं. पूरा एक. कुच नै हुआ."

त्यांनी दंड पुढं केला, सुई टोचेपर्यंत डोळे मिटले नाहीत, आणि नंतर त्रास होतो का बघायला बसवलं तेवढा वेळ बाकावर ताठ बसून राहिल्या. मला रडू आलं. इतकी वर्षं या बाईला मी नुसती सोवळी समजत होते.

बिदरच्या गाडीत मी विचारलं, "कवा खाल्लात?"

"तू दळण आणाया गेलतीस तवा. विचारल्यावर खोटं कसं सांगू? आन् खाल्लंच न्हाई म्हणलं तर सुई देत्याल का?"

"मला सांगायचं की. मी उकडून दिलं असतं."

"कामून? तुला आनी एक आंघोळ पडली असती." मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "पोरीला सांगू नको. आपल्यामुळं आईचं सोवळं मोडलं म्हणून मनाला लावून घेईल."

अक्का युगांडाला गेल्या. लेकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. व्हिडिओवर अक्का पायावर नात घेऊन तेल चोळताना दिसल्या. लेक पलीकडून हसत होती.

"काकू, आईचं अवघड हाय बघा. शेजारी अंडं तळायलेत, तर ही आमच्या खिडक्या लावायलीय."

अक्कांनी मान वर केली नाही, पण नातीच्या पोटावरून फिरणारा हात थांबला.

"व्हय," मी म्हणाले, "अक्का पहिल्यापासून तशाच हायत."