पिंप्राळ्यातली एस्प्रेसो

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिचं मॅन्युअल हरवतं आणि मग किस्से जमायला लागतात. कूलरचे आहेत, इन्व्हर्टरचे आहेत. पण माझ्या एस्प्रेसो मशीनने सगळ्यांना मागे टाकलं!

मशीन घेण्यामागे तत्त्व होतं. पुण्याचा माझा कॉलेजमित्र समीर फोनवर हसला होता, "जळगावात एस्प्रेसो? अरे, तुम्ही आपली केळी खा!" तो रविवारी घरी येणार होता. अस्सल कॉफी जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यातही होते, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असं मी ठरवलं.

*

पहिला कप नानांना, म्हणजे वडिलांना दिला. कपाच्या तळाशी दोन घोट. नाना कपात बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत राहिलो.

शेवटी म्हणाले, "बाकीची कधी येणार?"

*

दूध फेसाळायला मशीनला वाफेची नळी असते. हे शेजारच्या अक्कांना कळलं आणि त्या टॉवेल घेऊनच हजर!

"मनं नाक बठ्ठं बंद शे, भाऊ. जराशी वाफ दे."

मी चिडून त्यांना एस्प्रेसो म्हणजे काय, हे पहिल्यापासून समजावलं. अक्कांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बरं. येमा निलगिरीनं तेल कोठे टाकतस?"

*

कॉफीच्या बियांना हवा लागू द्यायची नसते, उजेड तर नाहीच. एका दुपारी डबा रिकामा दिसला. नाना गच्चीवरून खाली येत होते, घाम पुसत.

"तुझ्या बिया चादरीवर पसरल्यात. दोन-चार दिवस कडक ऊन दाखवू. वर्षभर पोरकिडा लागायचा नाही!"

उरलेलं एकच पाकीट मी कपाटात टाकून कुलूप लावलं. ते समीरसाठी.

*

पण बिया दळायचा ग्राइंडर बाहेरच राहिला.

शनिवारी घरी आलो तर जिन्यातच शिंका सुरू झाल्या. आई खुशीत होती. "मिक्सर बंद पडला ना, मग काळा मसाला तुझ्याच यंत्रातून काढला. काय बारीक निघाला रे! उगाच नावं ठेवत होते मी त्याला."

मी रात्रीपर्यंत ब्रश घेऊन ग्राइंडर घासत होतो. वास हटेना.

*

रविवारी समीर आला. दुसरा ग्राइंडर आणणार कुठून? देवाचं नाव घेतलं आणि त्यातच बिया दळल्या.

समीरने एक घोट घेतला. डोळे मिटले.

"लवंग... दगडफूल... आणि शेवटी घशाशी हलकासा जाळ! मानलं यार. पुण्यात अशी मिळत नाही. कुठल्या मळ्यातली आहे? मला थोडी पाहिजेच!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आतून बरणी घेऊन आली. झाकण घट्ट आवळून तिने ती समीरच्या हातात दिली.

"घेऊन जा, बाळा. वांग्याच्या भाजीत जरा बेतानेच टाक."