बाबांचा लाल टॅग

बाबांचा एक पाय हेलिकॉप्टरच्या पायरीवर होता आणि माझा हात लाल टॅगवर.

जानेवारीतली सकाळ, पावणेनऊ वाजलेले. नागपूर विमानतळाच्या ज्या कोपऱ्यात आमच्यासारखी छोटी यंत्रं उभी करतात, तिथलं धुकं नुकतंच विरळ झालं होतं. टॉवरनं सांगितलेली व्हिजिबिलिटी उडायला पुरेशी होती. फ्युएल भरलेलं होतं आणि लॉगबुकात सही होती. आता फक्त तो टॅग काढायचा, बाबांना पट्टा बांधायचा आणि निघायचं. मला बावीस वर्षं हेच करायचं होतं.

मी हेलिकॉप्टर पायलट आहे. नातेवाइकांत मला ‘हेलिकॉप्टरचा ड्रायव्हर’ म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. या नोकरीत मी समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेली, पहाडात यात्रेकरू नेले, निवडणुकीत पुढारी नेले. वरातीतले नवरदेव नेले. एकदा एका बड्या माणसाचा कुत्रा एकटाच नेला, मागच्या सीटवर, पट्टा लावून. बाबांना मात्र कधी नेता आलं नाही. मी जिथं असे तिथं ते नसत, आणि मी नागपुरात येई तेव्हा हेलिकॉप्टर नसे.

बाबांनी एकतीस वर्षं खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये कोळशाच्या बेल्टवर नोकरी केली. बेल्ट म्हणजे कोळसा वाहून नेणारा लांबच लांब पट्टा. रोज त्याच्या कडेनं चालायचं, कुठं फाटला का, कुठं अडकला का ते पाहायचं. मी पायलट झालो तेव्हा त्यांनी माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती.

“मले तो बेल्ट एकदा वरून पाह्याचा हाय. पूरा. एका टोकाले उभं राहिलं का दुसरं टोक दिसतच नाही गा. एकतीस वर्षं झाली, मी तो अख्खा कधी पाह्यलाच नाही.”

मी हो म्हटलं होतं. तरुणपणी माणूस फार सहज हो म्हणतो.

त्या जानेवारीत योग जुळून आला. सावनेरजवळच्या फार्महाऊसवरून एका क्लायंटला उचलून छिंदवाड्याकडे त्याच्या साइटवर न्यायचं होतं. नागपूर ते सावनेर ही फेरी रिकामी. आमच्या भाषेत एम्प्टी लेग. वाटेत खापरखेडा. मी मुंबईला मॅनेजरांना फोन करून एम्प्टी लेगवर वडिलांना बसवायची परवानगी मागितली. ते म्हणाले, “मॅनिफेस्टवर नाव टाका, बसवा.” मॅनिफेस्ट म्हणजे प्रवाशांची यादी. बावीस वर्षं अडलेलं काम एका वाक्यात झालं. सावनेरहून बाबांना परत आणायला मी चुलतभावाला गाडी घेऊन पाठवून ठेवलं.

आता चिप लाइटबद्दल सांगतो, कारण गडबड तिथून सुरू झाली. इंजिनाच्या तेलात लोहचुंबक असलेला एक प्लग बसवलेला असतो. आतले भाग झिजले की त्यांचा कीस त्या चुंबकाला चिकटतो. पुरेसा चिकटला की माझ्यासमोर दिवा लागतो. बहुतेक वेळा काजळीसारखी भुकटी निघते. ती पुसायची, प्लग परत लावायचा, जमिनीवरच इंजिन चालवून पाहायचं आणि प्लग पुन्हा उघडून तपासायचा. स्वच्छ निघाला तर यंत्र उडायला मोकळं. कधीतरी मात्र धातूचा तुकडा निघतो आणि मग इंजिनच उतरवावं लागतं.

आदल्या संध्याकाळी यवतमाळहून येताना, उतरायच्या जरा आधी तो दिवा लागला. आमचा इंजिनिअर प्रवीण, मूळचा नाशिकचा, तीस-बत्तिशीचा, हातानं फार साफ काम करणारा पोरगा. त्यानं प्लग काढला. भुकटीच होती. इंजिन चालवून पाहिलं. तोवर अंधारून आलं. मी मनीषनगरला घरी पोचलो तेव्हा त्याचा फोन आला, “सर, प्लग क्लीन आहे. लॉगबुक भरून ठेवलंय.”

जेवताना मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांना एका झटक्यात समजलं.

“आमच्या बेल्टवर मोठा मॅग्नेट लटकून राहे, कोळशातलं लोखंड ओढाले. तसंच हे.”

“तसंच.”

“मंग ठीक हाय,” म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. आई म्हणाली, “अजी, सकाळी स्वेटर घालजा. वर थंडी राह्यते म्हंतात.” त्या रात्री बाबा झोपले नसावेत. मी पाण्याला उठलो तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता. दीक्षाभूमीवर जाताना घालतात तोच.

आणि सकाळी कॉकपिटमध्ये तो लाल टॅग.

डाव्या हाताला एक दांडा असतो, कलेक्टिव्ह. तो वर ओढला की हेलिकॉप्टर जमीन सोडतं. टॅग त्याच दांड्याला बांधलेला होता. त्याचा अर्थ इतकाच, की काम चालू आहे, मला विचारल्याशिवाय हात लावू नका. खाली प्रवीणची सही.

कागद म्हणत होता जा, टॅग म्हणत होता थांब. मी प्रवीणला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तो इतवारीत मावशीकडे उतरला होता आणि भाड्याच्या मोटरसायकलवर येणार होता, म्हणजे डोक्यात हेल्मेट आणि फोन खिशात. मी तीनदा लावला. मग मॅनेजरांचाच फोन आला.

“कॅप्टन, अजून नागपुरात? क्लायंट साडेनऊला तयार आहेत.”

“इंजिनिअरचा टॅग लावलेला आहे. तो आला की निघतो.”

“लॉगबुक साइन झालंय ना?”

“झालंय.”

“मग? विसरला असेल काढायला. यू डिसाइड, पण लेट नको.”

‘यू डिसाइड’ हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. तो बोलणाऱ्याला सोयीचा असतो.

मी डिसाइड केलं. विसरलाच असणार. दिवसभर राबलेला पोरगा, अंधार झाला, राहून गेला टॅग. मी यंत्राभोवती फिरून तपासणी केली होती. इंजिनाचं पॅनल बंद होतं, ते उघडून पाहायला हवं होतं. उघडलं नाही. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला काही सापडायलाच नको होतं. मला बाबांना खापरखेड्यावरून न्यायचं होतं, बस्स. दुसऱ्या कुणासाठी मी असा टॅगला हात घातला नसता. मंत्र्यांनाही मी दीड-दीड तास ताटकळत ठेवलेलं आहे.

बाबांनी पायरीवर पाय ठेवला आणि आत वाकून पाहिलं. मी गाठ सोडत होतो.

“हा टॅग कोणाचा हाय?”

“इंजिनिअरचा.”

“तो कुठी हाय?”

“येतोय. बाबा, काम झालेलं आहे. कागदावर सही आहे.”

“सही कागदावर हाय. टॅग मशीनवर हाय. तू काहून काढून राहिला?”

इथं आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. पावर हाऊसमध्ये पद्धत अशी, की मशीनवर काम करणारा माणूस स्विचवर आपल्या नावाचा टॅग लावतो आणि तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी तो काढत नाही. बाबा रिटायर झाले तेव्हा सोबत्यांनी त्यांना त्यांच्या नावाचा एक पत्र्याचा टॅग आठवण म्हणून करून दिला, लाल रंगाचा, पांढऱ्या अक्षरांचा. इतर लोक असली भेट शोकेसमध्ये ठेवतात. बाबांनी तो घरात वापरायला काढला. पंखा पुसायचा असला तरी बोर्डावर टॅग. आई वैतागायची, “अजी, हे घर हाय का पावर हाऊस?” पण टॅग असताना बटण दाबायची तिचीही हिंमत नव्हती, आणि माझी तर नव्हतीच.

“बाबा, पंधरा मिनिटांची फेरी आहे,” मी म्हटलं. “उशीर झाला तर क्लायंट थांबणार नाही. मग ही फेरीच राहणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवरचा पाय खाली घेतला.

“नाही राहीन तं नाही राहीन. मी नाई बसत.”

“अहो बाबा...”

“आन तूही बसू नको.”

ते गेले आणि गार्डच्या टेबलाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. गार्डला जयभीम घातला, मफलर घट्ट केला आणि हेलिकॉप्टरकडे पाहत राहिले. मला राग आला होता. ज्यांच्यासाठी सगळा आटापिटा, त्यांनीच मोडता घालावा! मी गाठ परत बांधली आणि मॅनेजरांना कळवलं की इंजिनिअर आल्याशिवाय निघत नाही. ते काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

प्रवीण सव्वानऊला धावतच आला. इतवारीच्या गल्लीत एका टेम्पोतून धान्याची पोती उतरत होती, त्यामागं तो अडकला होता. माझ्याकडे न पाहता त्यानं आधी कॉकपिटमध्ये डोकावून टॅग पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“सर, काढला नाहीत ना?”

“का?”

“लॉकवायर राहिलीय.”

हेलिकॉप्टर थरथरतं. इतकं, की साधा घट्ट आवळलेला नटही सैल होऊ शकतो. म्हणून महत्त्वाच्या जागी नटातून बारीक तार ओवून, पिळून बांधतात. ती लॉकवायर. रात्री प्लग बसवून झाल्यावर तार संपली आणि अंधारही झाला. सकाळी येऊन बांधू म्हणून त्यानं पॅनल लावलं, टॅग बांधला, आणि सकाळचा वेळ वाचावा म्हणून सही मात्र आदल्या दिवशीच करून टाकली.

कदाचित काही झालंही नसतं. पंधरा मिनिटांत प्लग हलला नसता. किंवा हलला असता, तेल वाहून गेलं असतं, आणि एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये मी खापरखेड्याच्या वायरींच्या जाळ्यावर उतरायला जागा शोधत असतो, शेजारी बाबांना घेऊन. मला हे अजूनही अधूनमधून दिसतं.

बाबा उठून आले होते. त्यांनी प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवला.

“टॅग लावला ते चांगलं केलं. सही काहून आधी केली?”

प्रवीण मान खाली घालून उभा राहिला. मीही त्याच्याच शेजारी उभा होतो आणि माझीही मान काही वर नव्हती.

तार बांधणं, ती दुसऱ्यानं तपासणं, पुन्हा इंजिन चालवून गळती पाहणं, यात साडेदहा वाजले. दरम्यान क्लायंट वैतागून गाडीनं थेट विमानतळावर आला. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा. सगळ्या सीटा भरल्या. रिकामी फेरी रद्द झाली.

बाबा म्हणाले, “जाय तू. मी पाह्यतो इथून.”

मी उडालो. खुर्चीजवळ एक पांढरा शर्ट, वर केलेला एक हात. दहा मिनिटांत खापरखेडा आलं. चिमण्या, राखेचा तलाव, आमचं क्वार्टर जिथं होतं ती ओळ, आणि तो बेल्ट, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा. क्लायंटनं हेडसेटवर विचारलं, “ते काय आहे कॅप्टन?” मी म्हटलं, “बेल्ट आहे. कोळसा जातो.”

रात्री बाबांनी मला समोर बसवून घेतलं.

“दिसते काय पूरा?”

“दिसतो. एका नजरेत.”

“एका नजरेत!” ते हसले. पेपरच्या कोऱ्या जागेवर त्यांनी माझ्याकडून बेल्टचं चित्र काढून घेतलं, कुठं वळतो, कुठं चढतो, सगळं. एक वळण मी चुकवलं. ते त्यांनी दुरुस्त केलं.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी आसामकडे गेलं. घडल्या प्रकाराचा रिपोर्ट मी स्वतः लिहिला. त्यात प्रवीणनं आधीच केलेली सही आली, आणि मी टॅगची गाठ सोडत होतो हेही आलं. कंपनीनं नवीन नियम काढला, की टॅग काढणं आणि सही एकाच वेळी. प्रवीण अजून माझ्याबरोबर आहे. पुढच्या हिवाळ्यात नागपूरचं काम पुन्हा आहे, असं मॅनेजर म्हणाले. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “शर्ट तयारच हाय.”

बाबा जूनच्या सुरुवातीला गेले. पावसाळाही लागला नव्हता.

दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी आमच्या कूलरचा पंप शॉक मारत होता. बाबांनी बोर्डावर आपला टॅग लावून ठेवला होता. पुढे इलेक्ट्रिशियन येऊन पंप बदलून गेला. यंदा मार्च लागला, ऊन तापलं, तेव्हा आई म्हणाली, “पंप तं चांगला हाय. काढ आता तो टॅग.” मी हात नेला आणि परत घेतला. आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “राहू दे मंग.”

कूलर आम्ही शेजारच्या खोलीतून वायर ओढून चालवतो. वायर दारातून आडवी जाते, माणूस पाय अडकून पडू शकतो. सेफ्टीच्या दृष्टीनं हे साफ चूक आहे, आणि ते मला कुणी सांगायची गरज नाही.