टायरच्या वहाणा

दुष्काळ सरला त्या साली, बेंदराच्या दिवशी, खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात बैलांची मिरवणूक पाटलाच्या दारासमोर थांबली. माझ्या पायात वहाणा होत्या म्हणून थांबली.

आम्ही मांग. दोर वळायचे, हलगी वाजवायची. बेंदराला वेशीत पानांचा दोर बांधतात. मानाचा बैल तो दोर तोडतो. त्याला कर तोडणं म्हणतात. मानाचा बैल पाटलाचा. हलगीशिवाय तो हलवायचा नाही, आणि पाटलाच्या दारावरून हलगीवाल्याने अनवाणी जायचं, ही रीत.

त्या साली हलगी माझ्याकडे होती. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात खडी फोडताना ठेचला होता.

पाटील ओट्यावरून म्हणाला, "वहाणा काढ."

मी काढल्या नाहीत.

मागून कोणीतरी बोललं, "खडी फोडून पाय मऊ झालं व्हय रं?" लोक हसले.

खडी सगळ्या गावानं फोडली होती. दुष्काळी कामावर पाटलाचा मुलगा, धाकला पाटील, माझ्या शेजारी बसायचा. मुकादम दोघांचा ढीग मापाच्या एकाच पेटीनं मोजायचा, दोघांना एकच शिवी द्यायचा. धाकला पाटील माझ्या मडक्यातलं पाणी प्यायचा. कपच्यांनी पाय फाटायचे, म्हणून आम्ही दोघांनी वडूजच्या बाजारात एकाच माणसाकडून वहाणा घेतल्या. टायरच्या. बेंदराला त्याच्या पायात त्याच होत्या.

तो बैलाच्या शिंगाचा गोंडा नीट करत होता. वर न बघता म्हणाला, "काढ की गड्या. बैलं ताटकळल्यात."

ते तो प्रेमानं म्हणाला. पाटलाच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते त्यानं झालं. मी वहाणा न काढताच हलगी जमिनीवर ठेवली.

पाटील म्हणाला, "आता डोक्यावर घिऊन जायच्या."

आबा पुढं आले. "आवं पाटील, पोरगं हाय. चुकलं त्याचं."

मी म्हणालो, "चुकलं न्हाई."

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मुंडासं काढून पाटलाच्या ओट्यापाशी ठेवलं. हलगी उचलली आणि ठेचल्या हातानं वाजवायला लागले. मिरवणूक हलली. माझ्या दोन्ही अंगांनी बैल गेले. कर तुटली.

त्या संध्याकाळी आमच्या घरी कुणाकडून पोळी आली नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला दळण घेईना. दोर कुणी विकत घेईना. आमच्याच मांगवाड्यातले लोक घरी येऊन बसले. माफी माग म्हणाले. सगळे शहाणे होते. सगळ्यांना पोरंबाळं होती.

आई म्हणाली, "पाय तुझं हायती. पोटं आमची हायती."

मी सांगलीला गेलो आणि छापखान्यात लागलो. आबांनी चावडीवर माझ्या वतीनं माफी मागितली. मग दळण सुरू झालं.

सांगलीत लोक विचारतात, तुझ्यात हे आलं कुठून. मी त्याचा विचार केला आहे. हिंमत म्हणावी तर त्या दिवशी भीती मलाही वाटत होती. दुष्काळी कामावर डोळे उघडले म्हणावं, तर माझा धाकटा भाऊही तिथंच खडी फोडत होता. एकाच ताटात जेवलो आम्ही. ती एकच पेटी, तो एकच मुकादम त्यानंही पाहिला. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. मला वाकता आलं नाही. याहून जास्त मला माहीत नाही. माझ्या न वाकण्यानं गावात काही बदललं, असंही मला कुठं दिसलेलं नाही. वाकले ते आबा.

आबा पुढं वारले. हलगी धाकट्या भावाकडं गेली.

मी दर बेंदराला सांगलीहून गाडी धरतो. गावात कुणाकडं पाणी मागत नाही. मिरवणुकीच्या आधी पाटलाच्या दारावरून वेशीपर्यंत चालत जातो आणि परत येतो. पायात वहाणा असतात. जिवंत असेपर्यंत जाणार.

गेल्या बेंदरालाही गेलो. ओट्यावर आता धाकला पाटील बसतो. त्यानं मान दुसरीकडं वळवली. परत येताना समोरून मिरवणूक आली. पुढं भाऊ हलगी वाजवत होता. पाटलाचं दार जवळ आलं तसा तो थांबला, वाकला आणि पायातल्या वहाणा काढून त्यानं काखेत धरल्या.