परातीतला समुद्र आणि दोघींची फुगडी

दार लागलं ते लागलंच. आतल्या बाजूला एक हिरवा गोल खटका होता. तो मी ओढला, थोरल्या जावेने ओढला, नातीने भिंतीला पाय लावून ओढला. हलेना. भाच्याची आइस्क्रीमची कोल्ड रूम, आत उणे अठरा, आम्हा दोघी म्हाताऱ्यांच्या अंगावर सुती लुगडी. बाहेर देवणी गावात मे महिन्याचं ऊन, आणि आम्ही थंडीने मरणार.

नातीच्या मोबाइलला त्या पत्र्याच्या भिंतीत रेंज नव्हती. भाचा माल घेऊन उदगीरला गेलेला.

"अक्का, दार तुम्हीच ओढून घेतलं," मी जावेला म्हणाले.

"घेतलं. मग? गार हवा समदी गावाला वाटायची का?"

हे सगळं एका परातीपायी. नात समुद्राचं शिकते. पृथ्वीच्या टोकाला समुद्र कसा गोठतो, त्याचा तिला व्हिडिओ करायचा होता. तिने पाण्यात मोजून मीठ घातलं, तेव्हाच जाऊ म्हणाली होती, "एवढं खारट कोण खाईल गं?" पाणी फ्रिजमध्ये गार करून परात आत पंख्यासमोर मांडली. आम्हा दोघींचं तिथे काही काम नव्हतं. उकडत होतं म्हणून शिरलो.

"नुसत्या उभ्या राहू नका, हला!" नात ओरडली.

"हला म्हंजी? नाचू का?"

"फुगडी घाला!"

पेट्यांवरची पोती पांघरून आम्ही दोन म्हाताऱ्या फुगडी घालू लागलो. जमीन हादरत होती, परात हलत होती. जाऊ हसायला लागली, मग मी. मरायला टेकल्यावर असं हसू का येतं, मला माहीत नाही. पण आलं.

"आजी, बघा!" नात मरण विसरली होती.

पाण्यात रवा टाकल्यासारखे बारीक कण आले होते. ते वाढले, पाणी दाट आणि तेलकट दिसू लागलं. पाणी स्थिर असतं तर वर सपाट पापुद्रा धरला असता, म्हणे. आमच्या उड्यांनी तो धरेना. रव्याचे छोटे गोळे झाले, एकमेकांना घासून गोल झाले, कडा वर उचलल्या.

"धिरडी!" जाऊ म्हणाली.

पंख्याच्या वाऱ्याने सगळी धिरडी एका कडेला गेली. अलीकडचं पाणी उघडं पडलं, त्यातून वाफ निघाली, आणि त्यात नवा रवा धरू लागला. तिकडेही असंच होतं, नात म्हणाली. जमिनीवरून वारा सुटतो, बर्फ लांब लोटतो, उघडं पाणी पुन्हा गोठतं, वारा तेही लोटतो. हिवाळाभर हेच.

"म्हणजे धिरडं उतरवलं की तवा मोकळा," मी म्हणाले.

"हाव आजी, तेच!"

जावेने एक तुकडा चाटला. "मीठ कमी झालं की!"

"बर्फ मीठ बाहेर टाकतो. ते खारट पाणी जड होऊन तळाला जातं."

"शहाणा हाय. माझ्या सुनंला अजून मिठाचा अंदाज न्हाई."

एवढं बोलली, पण तिचे ओठ निळे पडले होते. ती खाली बसू लागली. आता बसली तर उठणार नाही, हे मला दिसत होतं. मी तिला दंडाला धरून उठवलं. "अक्का, घाला आणखी एक!"

घातली. जोरात घातली. माझी बोटं बधिर होती, हात सुटले. जाऊ उलटी भेलकांडत गेली आणि तिची पाठ त्या खटक्यावर आदळली. खट्!

दार उघडलं. तो ओढायचा नव्हताच, दाबायचा होता.

जाऊ उन्हात उताणी पडली, तिला धरायला धावले ती मी तिच्यावर. "मेले गं माय, उठ की, जड!" ती ओरडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आतून नात ओरडत होती, "दार लावा! माझा समुद्र वितळेल!"

तिला पदराला धरून बाहेर काढलं. पदर नव्हता, ओढणी होती.

जावेच्या पाठीवर खटक्याएवढा काळा-निळा डाग बरेच दिवस होता. आत तिघी होतो. तिघीही वाचलो.